बासष्ट टक्के हात

हात तुटून पडला असता तर क्लेम लवकर सुटला असता, हे मला विमा एजंटानेच सांगितलं. माणूस वाईट नव्हता, उलट माझ्यासाठी चार ठिकाणी फोन करणारा होता. "अँप्युटेशनला प्रश्नच येत नाही हो. फोटो लावायचा, डिस्चार्ज कार्ड लावायचं, झालं. तुमचं असं आहे की हात दिसतोय." खरंच दिसतो. खांदा, कोपर, मनगट, पाचही बोटं जागच्या जागी आहेत. आईने तर मी घरी आल्या आल्या ग्रामदेवीची ओटी भरली. "हात हाय ना जागेवर, मग देवी पावली म्हणायची."

मी रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मेंटेनन्स फिटर. कोळंबी आणि माकूल गोठवून बाहेरदेशी जातं, त्यासाठीचे प्लेट फ्रीझर आणि अमोनियाचे कॉम्प्रेसर चालू ठेवायचे, हे काम. व्हॉल्व्हचा नट सोडवायचा तर एक पाना धरायला लागतो आणि दुसरा फिरवायला. म्हणजे दोन हात, आणि दोन्ही जोराचे.

जून २०२३ ची गोष्ट. पाऊस नुकताच लागला होता. रात्री निवळीकडून घरी येताना वळणावर रस्त्यात गुरं बसलेली. आमच्याकडे पावसाळ्यात ही रोजचीच कथा. गोठ्यापेक्षा डांबर त्यांना कोरडं वाटतं. ब्रेक मारला, गाडी सरकली, मी उजव्या खांद्यावर आपटलो. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण पडताना खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ओढली गेली, की मानेतून हातात उतरणाऱ्या नसांचा जुडगा ताणून तुटतो. त्याला ब्रेकियल प्लेक्ससची दुखापत म्हणतात आणि मोटरसायकलवाल्यांत ती नेहमीची आहे, हे मला हॉस्पिटलात कळलं. हाड एकही मोडलं नव्हतं. हात मात्र ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

पुढचं ऑपरेशन मुंबईत झालं. शरीरातल्या चालू नसा काढून बंद नसांना जोडतात. तो भाग इथे फार सांगत नाही, कारण तो डॉक्टरांनी केला. मी केला तो कागदांचा.

पैसे कुठून येऊ शकतात याचा हिशेब मामांनी मांडला. मामा एस.टी.तून निवृत्त झालेले, डेपोच्या आस्थापना शाखेत आयुष्य गेलेलं. त्यांनी वहीत ओळीने लिहून काढलं. समोरून दुसरी गाडी नव्हती, तेव्हा मोटार अपघात न्यायाधिकरणात जायला समोर कोणी नाही. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, पण तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी. आमची गाडी आबांच्या नावावर. ती ओळ त्यांनी तिथेच खोडली. कामगार राज्य विम्याची (ई.एस.आय.ची) पगारमर्यादा २१,००० रुपये, माझा पगार त्याच्या वर. अपघात कामावर झालेला नाही, सुट्टीच्या दिवशीचा, म्हणून कंपनीच्या भरपाईचा प्रश्न नाही. कामावरून येताजाताना झाला असता तर गोष्ट वेगळी असती. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात, कामावर जाताना झालेला अपघातही नोकरीशी संबंध दिसत असेल तर भरपाईच्या कायद्यात धरता येतो, असं सांगितलं. माझ्या उपयोगाचं नाही, पण शिफ्टला जाणाऱ्या कोणालाही ठाऊक असावं.

उरल्या दोन ओळी. कंपनीने सगळ्या कामगारांसाठी काढलेली १० लाखांची गट अपघात पॉलिसी आणि बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. मामांनी तिसरी ओळ माझ्या धाकट्या चुलतभावासाठी लिहिली, तो ट्रॉलरवर जातो. मच्छीमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेखाली गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, हप्ता सरकार भरतं. "तुझं नाव यादीत हाय का, सोसायटीत जाऊन बघून ये," एवढंच त्याला बोलले. माझ्या बिछान्यापाशी बसून दुसऱ्यांच्या विम्याची चौकशी चाललेली बघून बायको वैतागली होती, पण मामांचा स्वभावच तो.

कंपनीच्या पॉलिसीत दोन वेगळे फायदे होते आणि ते वेगळे आहेत हे समजायला मला वेळ लागला. पहिला तात्पुरत्या पूर्ण असमर्थतेचा. कोणतंही काम करता येत नाही तोवर आठवड्याला विमा रकमेचा एक टक्का, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि त्यालाही शंभर आठवड्यांची मर्यादा. दुसरा कायमच्या अपंगत्वाचा, एकरकमी. त्यासाठी मागच्या पानावर तक्ता: दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर १०० टक्के, एक हात किंवा एक पाय गेला तर ५० टक्के, मग अंगठा, तर्जनी असं उतरत जातं. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात: यात न बसणारं कायमचं अंशतः अपंगत्व डॉक्टर ठरवतील त्या टक्केवारीने. ती तळाची ओळ मामांनी लाल पेनाने अधोरेखित केली. पुढे तीच कामी आली.

आठवड्याचे पैसे मिळायला लागणारे कागद तसे सरळ होते. हॉस्पिटलातली एम.एल.सी.ची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद, पोलिसांचा पंचनामा, लायसन्सची प्रत, डॉक्टरांचं दर महिन्याचं 'अजून कामास अयोग्य' असं प्रमाणपत्र, कंपनीचं रजेचं पत्र. अडलं ते भलतीकडे. अपघातानंतर मला रात्री ज्या दवाखान्यात नेलं तिथल्या पहिल्या केसपेपरवर कोणीतरी 'डावा हात' लिहून ठेवलं होतं. बाकी सगळीकडे उजवा. विमा कंपनीच्या टी.पी.ए.ने, म्हणजे तिच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, लगेच पत्र पाठवलं: दोन कागदांत तफावत आहे, खुलासा करा. आता खुलासा मी काय करणार? हात माझा, पण कागद त्यांचा. भाऊ त्या दवाखान्यात गेला, त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांची बदली झालेली. शेवटी तिथल्या मुख्य डॉक्टरांनी मूळ नोंदीत दुरुस्ती करून शेजारी सही-शिक्का केला आणि दुरुस्तीचं वेगळं पत्रही दिलं. शुद्धीवर असाल तर पहिला केसपेपर स्वतः वाचा, नसाल तर सोबतच्या माणसाला वाचायला लावा. पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून पाहिला जातो.

मग सहीची भानगड. मी उजव्या हाताचा माणूस. क्लेम फॉर्मवर डाव्या हाताने कशीबशी सही केली, ती परत आली, कारण कंपनीकडे असलेल्या के.वाय.सी.तल्या सहीशी जुळत नव्हती. बँकेतही तेच. शाखेतले साहेब सज्जन होते. त्यांनी मला काउंटरच्या आत बसवलं, म्हणाले, "अंगठा देता का? साक्षांकित करून देतो." मी शाईच्या पॅडकडे उजवा हात उचलायला गेलो, तो अर्थात उचलला नाही. ते म्हणाले, "डावाच लागतो हो, पुरुषांचा डावाच घेतात." म्हणजे एवढ्या सगळ्या व्यवस्थेत एकच गोष्ट माझ्या बाजूने निघाली. त्या दिवशी अंगठा दिला. पण मला अंगठेबहाद्दर व्हायचं नव्हतं. मुलीच्या दुरेघी वहीत रोज संध्याकाळी डाव्या हाताने नाव लिहायला बसलो. पहिले काही दिवस 'र' उलटाच येई. मुलगी पहिलीत होती, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं आणि ते ती मला सांगायची. शेवटी पूर्ण नावाचा नाद सोडला आणि दोन आद्याक्षरं व एक रेघ अशी सही ठरवली. बँकेत नवं नमुना-सही कार्ड भरलं, शाखेने दिलेलं सही पडताळणीचं पत्र क्लेमला जोडलं, मग आठवड्याचे पैसे सुरू झाले.

खरा गोंधळ घड्याळांचा होता. तुटलेली नस जोडल्यावर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मानेपासून कोपरापर्यंत आणि तिथून बोटांपर्यंतचं अंतर मोजून बघा. म्हणून डॉक्टर म्हणतात, दीड-दोन वर्षं थांबा, मग सांगू कायमचं काय राहिलं. विम्याच्या पॉलिसीत मात्र लिहिलेलं: कायमचं अपंगत्व अपघातापासून बारा महिन्यांच्या आत आलेलं असलं पाहिजे. माझ्या सर्जनना हे दाखवलं तेव्हा ते हसले. "नसेला पॉलिसी वाचता येत नाही," म्हणाले. पण मग गंभीर होऊन त्यांनी जे केलं त्याचा उपकार मोठा. अकरावा महिना चालू असताना नसा-स्नायू किती चालतात ते बघणारी ई.एम.जी.-एन.सी.व्ही.ची तपासणी पुन्हा केली आणि लेटरहेडवर लिहून दिलं की खांदा व कोपराच्या स्नायूंत थोडी सुधारणा अपेक्षित आहे, पण मनगट व बोटांची हालचाल परत येण्याची शक्यता नाही. ही हानी अपघाताच्या दिवसापासूनचीच आहे आणि कायमची आहे. खाली तारीख. हे पत्र बारा महिन्यांच्या आतलं होतं. अशा दुखापतीत कोणी मला विचारलं तर मी आता पहिल्यांदा हेच सांगतो, की अंतिम प्रमाणपत्राची वाट बघत बसू नका, मुदतीच्या आत तारीख असलेलं डॉक्टरांचं मत हातात ठेवा.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. अपघात झाला तो काळ त्यांना सोयीचाच होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कारखान्यात माल कमी, मेंटेनन्सची मोठी कामं उरकलेली. शिल्लक रजा संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही. ऑगस्टमध्ये बोटी लागल्या, काम वाढलं, आणि ऑफिसातून फोन यायला लागले. आधी चौकशीचे, मग "पुढे काय ठरवलंय" असे. दिवाळीनंतर एच.आर.ने एक टाइप केलेलं पत्रच घरी पाठवलं: वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. फक्त सही करायची, हिशेब लगेच मिळेल.

मामांनी ते पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "तुझी नोकरी किती झाली?" चार वर्षांच्या वर, पाच पूर्ण नाहीत. "मग ह्याच्यावर सही केलीस तर ग्रॅच्युइटी गेली." ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, पण नोकरी मृत्यूमुळे किंवा अपंगत्वामुळे संपली तर ती अट लागू नाही, हे तेव्हाच्या १९७२ च्या कायद्यातच होतं. पी.एफ.चंही तसंच. पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो, पण नोकरी आजारपणामुळे सुटली असेल तर नाही. म्हणजे 'वैयक्तिक कारण' या दोन शब्दांत माझे दोन्हीकडचे पैसे अडकले असते. जायचंच असेल तर पत्रात अपघातामुळे आलेली असमर्थता लिहून जायचं, वैद्यकीय कागद जोडून. आणि पी.एफ.ला जोडलेल्या पेन्शन योजनेत, माणूस कोणतंच काम करण्याजोगा राहिला नाही आणि त्यामुळे नोकरी सुटली, तर दहा वर्षं पूर्ण नसली तरी पेन्शन मिळते. माझी केस तिथवर जाणारी नव्हती, पण ज्यांची आहे त्यांना हे ऑफिसातून कोणी आपणहून सांगत नाही.

मी कंपनीला काढू नका असं म्हणू शकतो का, हा पुढचा प्रश्न. इथे उत्तर कटू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. पण हे कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे. मामांच्या डेपोत डोळ्यांमुळे अपात्र ठरलेले चालक त्यांनी पाहिलेत, त्यांना दुसऱ्या कामावर घेतलं, पगार राखला. खासगी कारखान्यातल्या फिटरला ते कवच नाही. उलट औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणावरून काढणं हे 'कामगार कपात' धरलंच जात नव्हतं, म्हणजे कपातीचं संरक्षणही नाही. तेव्हा माझ्या हातात कायदा नव्हता, फक्त मी काय करू शकतो ते होतं. फ्रीझरच्या कोणत्या सुट्या भागाला कुठला सप्लायर, कुठलं गॅस्केट किती महिन्यांत जातं, हे मला तोंडपाठ. मी मॅनेजरना भेटून स्टोअरचं काम मागितलं.

ते तयार झाले, पण मधला मार्ग म्हणून: अर्धा दिवस या, हलकं काम करा, हजेरी लावू. चांगुलपणाच होता तो. पण विम्याचा आठवड्याचा फायदा 'पूर्ण असमर्थ' माणसाला आहे. अर्ध्या दिवसाची एक हजेरी लागली की तो बंद, आणि अर्ध्या दिवसाचा पगार आठवड्याला ५,००० च्या आसपासही जात नव्हता. म्हणून सर्जननी 'बैठ्या कामास योग्य' असं लिहून देईपर्यंत मी गेलो नाही. गेलो त्या तारखेला आठवड्याचे पैसे बंद झाले आणि पगार सुरू झाला, आधीपेक्षा कमी, कारण शिफ्ट भत्ता आणि ओव्हरटाइम फिटरचा होता, स्टोअरकीपरचा नाही.

अंतिम प्रमाणपत्रासाठी आधी ऑनलाइन यू.डी.आय.डी.चा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज केला आणि वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी सिव्हिलला गेलो. रांगेत बहुतेक सगळे आपापल्या फायलींसकट. डॉक्टरांनी कोनमापकाने खांदा, कोपर, मनगट किती वळतं ते मोजलं, प्रत्येक स्नायूचा जोर शून्य ते पाचमध्ये लिहिला. मग एक यादी. नाकाला हात लावा. ग्लास तोंडापर्यंत न्या. शर्टाचं बटण लावा. भांग पाडा. नाडी बांधून दाखवा. हाताने घास घेतल्यासारखं करा. नाकापर्यंत हात गेला, कोपर वाकतो माझा, त्याचा मला अभिमान होता. बटणाशी बोटं नुसती टेकली. नाडीचं तर नावच नको. माझ्या मागे उभ्या असलेल्या राजापूरकडच्या एका आजोबांनी मधेच सांगितलं, "मेल्या, लुंगी नेसायची, नाडीची कटकट कशाला?" डॉक्टरही हसले, पण रकान्यात शून्यच मांडलं.

प्रमाणपत्रावर आलं ६२ टक्के. आणि शेजारी महत्त्वाचे शब्द: उजव्या हाताच्या संदर्भात, कायमचं. म्हणजे माणूस ६२ टक्के अपंग नव्हे, हात ६२ टक्के.

हा आकडा घेऊन मी जिथे जिथे गेलो तिथे त्याची किंमत वेगळी निघाली. सरकारच्या दृष्टीने ४० टक्के किंवा वर म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व, यू.डी.आय.डी. कार्डावर पिवळी पट्टी. २० रुपयांच्या विम्यात एका हाताचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला तर १ लाख. माझा कोपर वाकतो, म्हणजे पूर्ण नाही, म्हणून काही नाही. बँकेतून हे उत्तर आलं तेव्हा मी वाद घातला नाही. शब्द स्पष्ट होते. कंपनीच्या गट विम्याने मात्र दोन कारणं देऊन नकार दिला: प्रमाणपत्र बारा महिन्यांनंतरचं आहे, आणि ६२ टक्के म्हणजे हात 'गेलेला' नाही.

आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. हे २०१७ च्या नियमांखालचं पद, ५० लाखांपर्यंतचे वाद ऐकतं, फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. रत्नागिरीचा अर्ज पुण्याच्या कार्यालयाकडे जातो. मला वाटलं होतं पुण्याला जावं लागेल, सुनावणी व्हिडिओवर झाली. पडवीत नेटवर्क येतं म्हणून खुर्ची तिथे मांडली, मागे आबांना कोंबड्या हाकलायला बसवलं.

विमा कंपनीतर्फे एक तरुण बाई होत्या, तयारीने आलेल्या. त्यांनी बारा महिन्यांचं कलम वाचून दाखवलं. मी सर्जनचं अकराव्या महिन्यातलं पत्र दाखवलं. लोकपालांनी त्यांना विचारलं, अपंगत्व अपघाताच्या दिवशी आलं की प्रमाणपत्राच्या दिवशी? त्यावर बाई थोडं थांबल्या आणि तो मुद्दा तिथेच संपला. मग तळाची ती ओळ, तक्त्यात न बसणारं अंशतः अपंगत्व. माझं म्हणणं, हात कामाचा राहिला नाही, ५० टक्के द्या, ५ लाख. त्यांचं म्हणणं, पूर्ण हाताचे ५० टक्के, तर ६२ टक्के हाताचे त्याच्या ६२ टक्के. म्हणजे ३१. म्हणजे ३ लाख १० हजार. लोकपालांनी दोघांना विचारलं की यावर तडजोड मान्य आहे का.

मी हो म्हटलं. मामांना ते फारसं आवडलं नाही. त्यांच्याकडे एक जुना निकाल होता, राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सर्वोच्च न्यायालयाचा. त्यात न्यायालयाने नेमका हाच प्रश्न सोडवलाय: डावा हात कापला गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरतील, माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के, सरकारी कारकून असेल तर नोकरी जाणारही नाही. मी फिटर, म्हणजे सुताराच्याच रांगेत. पण तो निकाल मोटार अपघाताच्या भरपाईचा आहे. तिथे न्यायाधीश तुमचं आयुष्य बघतो. अपघात विमा हा करार आहे, तिथे तक्ता बघतात. मी पाना धरू शकतो का हे पॉलिसीने कुठेच विचारलेलं नाही. माझ्या मते पगारदार माणसाने अपघात विमा घेताना विमा रकमेच्या आधी तो तक्ता वाचावा, आणि अंशतः अपंगत्वाची शेवटची ओळ आहे की नाही ते बघावं. काही पॉलिसींत ती नसतेच.

पैसे खात्यात आले तसा घरात कराचा विषय निघाला. गावात सगळ्यांचं एकमत होतं की "ऐंशी यू घे". ८०यू म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातली दिव्यांग करदात्याची वजावट: ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ८० टक्क्यांपासून सव्वा लाख, खर्च किती केला याची विचारणा नाही. सी.ए.नी माझी पगाराची स्लिप बघितली आणि म्हणाले, "तुमचा कर आहेच कुठे?" खरंच नव्हता. स्टोअरच्या पगारावर जुन्या पद्धतीतही सवलतीने शून्य, नव्यातही शून्य. शिवाय नव्या करपद्धतीत, जी आता आपोआप लागते, ८०यू मिळतच नाही. जास्त पगार असेल तर दोन्हीकडे आकडेमोड करून जुनी निवडावी लागते. पुण्यातल्या मोठ्या भावाला वाटलं, मग तो ८०डीडी घेईल, अवलंबित भावासाठी. सी.ए.नी मान हलवली. मी पगार घेतो, माझं घर मी चालवतो, त्याच्यावर अवलंबून कसा? भाऊ थोडा खट्टू झाला. ३ लाख १० हजार ही शरीराच्या नुकसानीची भरपाई, कमाई नव्हे, म्हणून ती उत्पन्नात धरायची नाही. सेटलमेंटचं पत्र मात्र जपून ठेवा, खात्यात मोठी रक्कम दिसली की प्रश्न येऊ शकतो. आठवड्याच्या पैशांबाबत ते म्हणाले की ते बुडालेल्या कमाईच्या जागी येतात, त्यामुळे तिथे दोन मतं पडतात, आणि कंपनीने स्वतःकडे घेऊन पगारासोबत दिले तर ते पगारासारखेच दिसतात. माझे थेट विमा कंपनीकडून आले होते, आणि धरले तरी कर शून्यच होता. भत्त्याबद्दलही त्यांनी सांगितलं: पायाने अपंग कर्मचाऱ्याला कंपनी ये-जा भत्ता देत असेल तर त्यातले महिन्याला ३,२०० रुपये तेव्हा दोन्ही करपद्धतींत माफ होते. माझा हात गेलेला, पाय नव्हे, आणि आमची कंपनी तो भत्ता देतही नाही.

माझ्या वाट्याला आलेली सूट एकच, व्यवसाय कराची. महाराष्ट्रात पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५००. कायमचं ४० टक्के किंवा वरचं अपंगत्व असेल तर हा कर नाही. प्रमाणपत्राची प्रत जोडून अर्ज दिला, तरी कपात चालूच. अकाउंट्समधल्या मॅडम म्हणाल्या, सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय कुठे आहे ते मुंबईच्या ऑफिसला विचारलंय. फेब्रुवारीतही ३०० गेले. मार्चच्या स्लिपवर त्या रकान्यात शून्य आलं. आधीच्या महिन्यांचे परत मागणारा दुसरा अर्ज मी दिलाय, तो अजून मुंबईलाच आहे.